बिस्किटांच्या बरणीतले जावईबापू

माणसाने शांततेसाठी आजवर जे काही केलं, तह केले, सीमा आखल्या, भिंती बांधल्या, त्या सगळ्याचं सार एका वाक्यात सांगता येतं: भांडणाऱ्या दोघांपैकी एकाला उचला आणि दुसरीकडे ठेवा. हे वाक्य बदलीसाहेबांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या बळावर शोधून काढलं होतं. ज्या सकाळी त्यांनी ते बायकोला ऐकवलं, त्या सकाळी त्यांच्या डाव्या हातात चहाची गाळणी होती आणि गाळणीत एक मासा तडफडत होता.

"तत्त्वज्ञान नंतर," बायको म्हणाली. "ती माझी गाळणी आहे."

बदलीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कार्यालयात आस्थापना शाखेतलं बदल्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं, म्हणून लोक त्यांना तसं म्हणत. आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावर. कुणी साहेबाशी भांडला, कुणी शिपायाशी भांडला, पंख्याच्या बटणावरून कुणा दोन बायकांचं वाजलं, की तो कागद फिरत फिरत त्यांच्याकडे येई. ते दोघांपैकी एकाला लांबच्या शाखेत पाठवत आणि कागद मिटवत. त्या लांबच्या शाखेत पुढे काय होई, हे त्यांना माहीत नव्हतं. ते कागद दुसऱ्या टेबलावर जात.

मासा त्यांचा नव्हता. मासा, आणि त्याचे आणखी सहा सोबती, त्यांच्या आईचे होते.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चार वर्षांपूर्वी ती दर महिन्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाई, आणि नंबर येईपर्यंत शेजारच्या माशांच्या दुकानात स्टुलावर बसून राही. मासेवाल्याने एकदा सहज विचारलं, "आजी, एखादी जोडी देऊ का? हे बघा, शांत आहेत, सुंदर आहेत, नुसते फिरत राहतात."

"शांत नकोत," आई म्हणाली. "घरी मुलगा आहे तेवढा पुरे. भांडणारे आहेत का?"

मासेवाल्याने तिला टायगर बार्ब दाखवले. बोटाच्या दोन पेरांएवढे, सोनेरी अंगावर काळे चार पट्टे, आणि नाक असं लाल की जणू सातांनाही एकाच वेळी सर्दी झाली आहे. एक दुसऱ्याच्या मागे, दुसरा तिसऱ्याच्या मागे, तिसरा वळून पहिल्याच्या शेपटीला चिमटा काढून पसार. आईने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "ही तर आमचीच माणसं."

म्हणून तिने नावंही घरातलीच ठेवली. मामंजी, आत्याबाई, थोरली, मधली, धाकटी. सगळ्यांत दांडगा आणि खाण्याच्या वेळी सगळ्यांत पुढे असणारा, तो जावईबापू. आणि सर्वांत शेवटी पिशवीतून निघालेला, थोडा बुजरा, तो पाहुणा. टाकी दिवाणखान्याच्या खिडकीजवळ ठेवली गेली, आणि आईची खुर्ची टाकीजवळ. सून स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, मोठ्या पातेल्यावर खोलगट झाकण कुणी ठेवलं?" आणि आई टाकीकडे बघत म्हणायची, "ज्याला अक्कल आहे त्याने." तिथून पुढे दीड-एक तास सहज जाई. बदलीसाहेब वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हा तास काढत, आणि मनातल्या मनात एक कागद फिरवत.

मग आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. सहा आठवडे रुग्णालयातच राहून व्यायाम करायचा होता. व्यायाम शिकवणारी बाई तरुण होती आणि गोड बोलून अजिबात न ऐकणारी होती. ती म्हणाली, "तुमच्या घराला पायऱ्या किती?"

"अठरा," बदलीसाहेब म्हणाले. घर पहिल्या मजल्यावर होतं.

"मग आजी अठरा पायऱ्या चढल्या की घरी. नाही चढल्या तर दुसरी सोय बघा."

"चढते की," आई खाटेवरून म्हणाली. "माझे मासे आहेत घरी." मग तिने मुलाला जवळ बोलावलं आणि सूचना दिल्या. दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. नवीन पाणी एक दिवस आधी काढून ठेवायचं. जाळीतला कापूस टाकीच्याच पाण्यात खळबळायचा, नळाखाली नाही. बदलीसाहेबांनी सगळं डायरीत क्रमांक घालून लिहून घेतलं.

"आणि मोठ्या," आई म्हणाली, "त्यांच्या भांडणात पडू नकोस."

हे त्यांनी लिहिलं नाही. ही सूचना नव्हती. हे मत होतं.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण बदलीसाहेबांनी ती कुणाला सांगितली नव्हती. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी धाकट्या भावाला फोन केला होता. धाकट्याचं घर तळमजल्यावर होतं. पायऱ्या नाहीत, दाराशी रिक्षा येते, मागची खोली रिकामी. कारणं इतकी भक्कम होती की खरं कारण सांगायची गरजच पडली नाही. सासू-सुनेचं रोज वाजतं; एकीला उचला, दुसरीकडे ठेवा. आईला नंतर सांगू, बायकोला काय, आनंदच होईल.

"मासे?" धाकट्याने विचारलं.

"मासे इकडेच राहू दे. तुझ्याकडे जागा नाही."

"नाहीच आहे," धाकटा सुटकेने म्हणाला.

पहिल्याच संध्याकाळी बदलीसाहेब आईच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सरळ पाहिलं की जावईबापूने पाहुण्याच्या शेपटीचा तुकडा तोडला. त्यांनी लगेच निर्णय घेतला नाही. तीन दिवस चौकशी केली. डायरीत दोन रकाने आखले, चावणारा आणि चावला गेलेला. तिसऱ्या दिवशी बावीस नोंदी झाल्या होत्या, पैकी तेरा जावईबापूंच्या नावावर. चौथ्या सकाळी गाळणी आली.

बिस्किटांची बरणी मोठी होती, काचेची, रुंद तोंडाची. जावईबापू तिच्यात रुजू झाले.

"आणि बिस्किटं?" बायकोने विचारलं.

"कागदाच्या पिशवीत."

"मऊ पडतील."

"माशाचा जीव मोठा की बिस्किटं?"

"मासा टाकीत बरा होता," बायको म्हणाली. ही नव्या चकमकीची सुरुवात होती. बदलीसाहेबांनी ती वाढू दिली नाही. त्यांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं.

दीड दिवस टाकीत खरोखर शांतता होती. मासे झाडांच्या आडोशाला थांबून एकमेकांकडे बघत होते, जसं साहेब रजेवर गेल्यावर कार्यालय बघतं. दुसऱ्या दुपारी आत्याबाईंनी कारभार हातात घेतला. चार वर्षं जी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात होती, ती आता मामंजींना कोपऱ्यात दाबून धरत होती. नोंदी: पहिल्याच दिवशी सतरा, एकटीच्या.

आत्याबाई साखरेच्या बरणीत गेल्या.

त्याच आठवड्यात रुग्णालयात दुसरं प्रकरण उभं राहिलं. आईची खोली चार खाटांची होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होती, तिचाही खुबाच. तिला खिडकी उघडी लागे, आईला बंद. बदलीसाहेब चार वाजता भेटायला गेले तेव्हा आई चालण्याची चौकट धरून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभी होती आणि खिडकी ओढत होती.

"वारं खाऊन काय मिळतं गं तुला?" आई म्हणत होती.

"तुमच्यासारखं कोंडून घेऊन काय मिळतं?" खिडकीवाली म्हणाली. "गोधडीत घातलेल्या भोपळ्यासारखं तोंड झालंय."

"भोपळा टिकतो तरी! तू वाऱ्याने उडशील, मग मी कुणाला हाक मारू?"

आजारी माणसं, त्यात हे. बदलीसाहेब तडक मुख्य परिचारिकेकडे गेले, तिच्याशी आपल्या कार्यालयीन आवाजात बोलले, आणि दुसऱ्या दिवशी आईला एकटीची खोली मिळाली. पांढऱ्या भिंती, एक खाट, एक खुर्ची, आणि खिडकी जी मुळात उघडतच नव्हती.

"मी काय केलं?" आईने विचारलं.

"काही नाही आई. तुला शांतता मिळावी म्हणून."

"मी मागितली होती का?"

त्यांनी सफरचंद चिरायला घेतलं.

"सातही आहेत ना?" आई रोज विचारायची.

"सातही आहेत," बदलीसाहेब सांगायचे. यात तसूभर खोटं नव्हतं. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला सातही होते: जावईबापू बिस्किटांच्या बरणीत, आत्याबाई साखरेच्या, थोरली चहाच्या, मधली पिठाच्या, मामंजी, ज्यांचे आता सगळ्यांकडून हाल होत होते, संरक्षणासाठी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत, आणि पाहुणा, ज्याच्या शेपटीचा नुसता खुंट उरला होता, काचेच्या जगमध्ये. प्रत्येक बदलीनंतर उरलेल्यांची भांडणं वाढत गेली होती. यावरून बदलीसाहेबांनी निष्कर्ष काढला होता की आपण अजून पुरेशा बदल्या केलेल्या नाहीत. शेवटी तीन फुटांच्या टाकीत एकटी धाकटी राहिली, आणि ती काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबावर दिवसभर धावून जाऊ लागली. तिला पाठवायला दुसरी शाखा नव्हती.

ओट्यावर बरण्यांची रांग. रोज संध्याकाळी सगळ्यांचं पाणी बदलायचं. झाकणांना खिळ्याने छिद्रं पाडलेली. मासे फिके पडत चालले होते; काळे पट्टे धुतलेल्या पाटीसारखे करडे. खाणं वरून टाकलं की ते तळाशी जाऊन कुजायचं. बदलीसाहेबांना वाटलं, नवीन जागी रुळायला वेळ लागतो. फाइलींत तरी तसंच लिहिलेलं असे.

"एक बघितलंत?" बायको म्हणाली. ती ओट्याशी उभी होती, हातात पिठाची पिशवी. "सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत."

त्यांनी पाहिलं. सहाही भांड्यांत मासे काचेला नाक लावून स्थिर होते, आणि सहाही नाकं स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या टाकीकडे होती.

"प्रकाशाकडे असेल," ते म्हणाले.

"प्रकाश मागून येतोय."

बायकोने पिशवी खाली ठेवली. "आई आल्या की बघा. झाकणांना भोकं पाडलेली बघितली की तुम्हाला एका पायावर उभं करतील. मी मध्ये पडणार नाही. मी तर म्हणणार, आई, मी सांगितलं होतं."

"आई इकडे येणार नाही," बदलीसाहेब म्हणाले. आता सांगायला हरकत नव्हती. "धाकट्याकडे जाईल. मी ठरवलंय सगळं."

बायको काही वेळ गप्प राहिली. ही शांतता बदलीसाहेबांनी ओळखायला हवी होती. पण शांतता दिसली की तिला चांगली म्हणायची त्यांना सवय होती.

"मला विचारलंत?"

"तुलाच त्रास नको म्हणून—"

"मला कसला त्रास?"

"रोज भांडता तुम्ही. झाकणांवरून! मी ऐकत नाही का?"

"ते बोलणं आहे," बायको म्हणाली. "एकोणीस वर्षं बोलतोय आम्ही. झाकण नसेल तर पडदा, पडदा नसेल तर तुमच्या धाकट्याची बायको. नाही तर दिवसभर या घरात मी कुणाशी बोलते? तुमच्याशी?"

बदलीसाहेबांना तो प्रश्न वाटला. "नाही," ते म्हणाले.

"मग," बायको म्हणाली, आणि पिठाच्या पिशवीला रबर लावलं.

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधीच रुग्णालयात गेले. व्यायामाची बाई बाहेरच भेटली, आणि या वेळी गोड बोलली नाही.

"आजी खाटेवरून उठत नाहीत. जेवत नाहीत. मी चौकट पुढे ठेवते, त्या भिंतीकडे बघतात. त्या मोठ्या खोलीत होत्या तेव्हा दिवसातून सहा-सहा वेळा उठायच्या."

"व्यायामाला?"

"खिडकी बंद करायला. पंधरा पावलं जायची, पंधरा यायची. मी आमच्या डॉक्टरना म्हणालेसुद्धा, असंच चाललं तर पाचव्या आठवड्यात अठरा पायऱ्या. तुम्ही का हलवलंत त्यांना?"

बदलीसाहेब मुख्य परिचारिकेकडे गेले. आईला पुन्हा जुन्या खोलीत न्यायचं आहे. परिचारिकेने वही उघडली, बोट फिरवलं, मिटली. खाट भरलेली आहे. मग खिडकीवाल्या बाईंना तरी आईच्या खोलीत? त्या मंगळवारी घरी गेल्या. घर कुठल्या मजल्यावर? "दुसऱ्या," परिचारिका म्हणाली. "चढल्या की. खिडकीवरून भांडून भांडून पाय चांगले झाले होते."

इतक्या वर्षांत अनेक माणसं बदलीसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली होती, साहेब, हुकूम रद्द होत नाही का? आणि त्यांनी प्रत्येकाला मनापासून सांगितलं होतं, जागा भरली गेली. ते वाक्य समोरच्या बाजूने कसं ऐकू येतं, हे त्यांना प्रथमच कळलं.

तिथून ते सरळ माशांच्या दुकानात गेले. मासेवाला जाळी धुत होता.

"आजी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. माशांचं विचारायचं होतं."

"किती आहेत?"

"सात."

"छान. सातही एकत्र?"

"बरण्यांत," बदलीसाहेब म्हणाले.

मासेवाल्याने जाळी खाली ठेवली आणि हात पुसले. तो ओरडला असता, तर बरं वाटलं असतं. "साहेब," तो म्हणाला, "हा मासा भांडतोच. पण सात असले की भांडण सातांत वाटलं जातं. कुणाच्याच वाट्याला फार येत नाही. तुम्ही एकेक काढत गेलात, तसं उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येत गेलं. आणि ज्याला काढलं, तो खाणं सोडतो."

"हे कुठे लिहिलेलं असतं?"

"लिहिलेलं कशाला? आजींना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"आता काय करू?"

"सगळे एका वेळी परत सोडा. आधी दगड-झाडं हलवा, म्हणजे टाकी सगळ्यांनाच नवी वाटेल. दिवा बंद ठेवा. आणि मग," मासेवाला थांबला, "बघा."

"फक्त बघू?"

"दुसरं तुमच्या हातात काय आहे?"

त्याने सोबतीला नवीन मासे द्यायची तयारी दाखवली असती, पण त्याच्याकडे मोठ्या टाकीत होते ते आधीच कुणाला तरी सांगून ठेवलेले होते. नवे यायला दोन-तीन आठवडे.

घरी येईपर्यंत मामंजी मुरंब्याच्या बरणीत आडवे झाले होते. बदलीसाहेबांनी बरणीला टिचकी मारली. मग पुन्हा मारली. बायकोने त्यांचा हात बाजूला केला.

उरलेले सहा त्यांनी टाकीत सोडले. दगड उजवीकडून डावीकडे केला, झाड मागे लावलं, दिवा घालवला, आणि आईच्या खुर्चीत बसले. मासे बराच वेळ हलले नाहीत. मग जावईबापू पाहुण्याकडे गेले. बदलीसाहेब अर्धे उठले. त्यांचा हात गाळणीकडे गेला.

"बसा," बायको म्हणाली.

ते बसले. जावईबापूंनी पाहुण्याला अगदी हलकेच ढुशी दिली, जणू ओळख आहे का विचारल्यासारखी, आणि दोघेही पुन्हा थांबले. भांडायला लागणारी ताकद कुणातच नव्हती. पाहुणा दुसऱ्या दिवशी गेला. थोरली तिसऱ्या दिवशी. बदलीसाहेबांनी त्या तीन दिवसांत एवढंच केलं: बघितलं. डायरी उघडली नाही.

त्यांनी धाकट्याला फोन केला. "आई इकडेच येईल. तू खोली राहू दे."

"दादा, पलंग आणला मी. पण चालेल. चढली तर ने तिकडेच."

"चढेल," बदलीसाहेब म्हणाले.

पायऱ्यांची परीक्षा सहाव्या आठवड्याच्या शनिवारी होती. व्यायामाच्या दालनात लाकडाच्या चार पायऱ्यांचा एक जिना होता, जो कुठेही जात नव्हता. चढायचं, वर टेकायचं, उतरायचं. साडेचार फेऱ्या झाल्या की अठरा.

आई चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिने केस विंचरून घेतले होते.

"सातही आहेत ना?" तिने बऱ्याच दिवसांनी विचारलं.

बदलीसाहेबांनी खुर्चीचा आधीच लावलेला ब्रेक पुन्हा लावला.

"किती?"

"चार."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली बघून, क्रमाने, जसा अहवाल देतात तसा. गाळणी, बिस्किटं, साखर, चहा, पीठ, एका बाजूला वळलेली तोंडं. आईने मध्ये एकदाही टोकलं नाही. ती टोकत नाही हे त्यांना सगळ्यांत जड गेलं.

"बरण्या धुतल्यास?" तिने शेवटी विचारलं.

"धुतल्या."

"मी तुला सांगितलं होतं, त्यांच्या भांडणात पडू नकोस."

"मला वाटलं, ते तुझं मत आहे."

"मतच होतं," आई म्हणाली. मग जिन्याकडे बघून, "आणि मला कुठल्या बरणीत?"

"कुठल्याच नाही. घरी. शपथ. ती वाट बघतेय तुझी. आज सकाळी म्हणाली, मोठ्या पातेल्यावर चपटंच झाकण बसतं, आईंना सांगा."

आईच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा रंग आला. "चपटं? तिला सांग, उतू जाईल सगळं. सांग काय, मीच येऊन दाखवते," ती म्हणाली, आणि कठडा धरून उभी राहिली.

तिने खरोखर जीव ओतला. पहिली पायरी. दुसरी. बदलीसाहेब मागे हात पसरून उभे होते आणि मोजत होते. तिसऱ्या पायरीला तिचा पाय उचलला गेला, अर्ध्यात थरथरला आणि परत खाली आला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिच्या तोंडातून शिव्या निघत होत्या, पायाला, कठड्याला, चपट्या झाकणाला. मन केव्हाच वर पोहोचलं होतं. पाय महिनाभर एका पांढऱ्या खोलीत पडून होता.

"पुरे, आजी," व्यायामाची बाई म्हणाली.

"अजून एकदा," बदलीसाहेब म्हणाले.

"पुरे," ती बाई त्यांना म्हणाली.

आई सोमवारी धाकट्याकडे गेली. बदलीसाहेबांनी पहिल्या आठवड्यात काढलेला हुकूम जसाच्या तसा अमलात आला, काना-मात्रेचा फरक न होता, आणि त्यांना प्रथमच कळेना की हे आपलं काम आहे की आपल्यावर आलेलं.

रिक्षात बसण्यापूर्वी आईने शेवटची सूचना दिली. "चार म्हणजे काही नाही. एकमेकांना कुरतडत बसतील. त्या मासेवाल्याला नेऊन दे. त्याच्याकडे तीस-चाळीस असतात."

ही त्यांनी लिहून घेतली.

मासेवाल्याच्या मोठ्या टाकीत तोवर नवीन मासे आले होते. पिशवीचं तोंड पाण्याखाली सोडलं, आणि चौघं बाहेर पडले. बदलीसाहेब काचेला नाक लावून उभे राहिले. दोन क्षण ते वेगळे ओळखू येत होते, इतरांपेक्षा फिके. मग कुणीतरी एकाला चिमटा काढला, त्याने वळून दुसऱ्याला काढला, सगळा थवा एकदम उसळला, आणि त्यात जावईबापू कोणते, धाकटी कोणती, काही सांगता येईना. त्यांनी बराच वेळ शोधलं.

"भांडतायत," ते म्हणाले.

"हो," मासेवाला म्हणाला. "बरे आहेत."

घर शांत झालं. बदलीसाहेबांनी आयुष्यभर जी शांतता मागितली ती हीच, यात शंका नव्हती. तिच्यात नळ ठिबकलेला ऐकू येत होता. बायको कामापुरतं बोलत होती. रागाने नव्हे, तिला बोलायचं कारण दिसत नव्हतं. आईला ती रोज फोन करायची, पण धाकट्याच्या बायकोने फोन मधल्या खोलीत ठेवलेला, आई मागच्या खोलीत, तिथवर जायला बावीस पावलं. फोन बहुतेक वेळा धाकट्याची बायकोच घ्यायची आणि म्हणायची, "आई झोपल्यात."

एके रविवारी बदलीसाहेब स्वयंपाकघरात गेले. त्यांनी मोठं पातेलं घेतलं, त्यावर मुद्दाम खोलगट झाकण ठेवलं, आणि बाजूला उभे राहिले. बायको आली. तिने पाहिलं.

"हे झाकण या पातेल्याचं आहे," ते म्हणाले. आवाज जमेल तितका चढवला होता.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे. बदलीसाहेब वाट बघत राहिले. त्यांनी पुढचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं.

"असू दे," ती म्हणाली.

मग ती दिवाणखान्यात गेली आणि तिथून विचारलं, "अहो, ही टाकी अशीच ठेवायची आहे का?"

टाकीत आता कांदे असतात. चौदा किलो सहज मावतात.